सहावीने जमवलेला कोरम

गणिताच्या सरांना गावात मान असतो. इंग्रजीच्या बाईंना मागणी असते. इतिहास-भूगोलाच्या बाईंचा तास मात्र गॅदरिंगच्या तालमीसाठी, लसीकरणासाठी नाहीतर कवायतीसाठी हक्काने उचलून न्यायचा असतो. 'तुमचं काय बाई, मुलं घरी वाचतील,' असं म्हणून आमचे हेडसर माझा तास घेऊन जायचे, आणि मी खडू ठेवून मैदानाच्या कडेला उभी राहायचे. मुळशी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी उभी हयात अशी काढली. शेवटची काही वर्षं नांद्याच्या पलीकडच्या एका गावात होते. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते सगळे अजून तिथेच आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाकडून माझ्या घरी दूध येतं.

बाहेरच्यांना वाटतं, हा विषय म्हणजे सनावळ्या आणि राजधान्या. तसं नाही. मुलांना दारातून रोज जे दिसतं ते पुस्तकातही आहे, हे पटवून द्यायचं. आणि पुस्तकात जे आहे ते दारात का दिसत नाही, या प्रश्नाला बगल द्यायची, एवढंच या विषयात करायचं असतं. पैकी पहिलं काम त्यातल्या त्यात सोपं.

आमच्या भागात तेही सोपं राहिलेलं नाही. एका चाचणीत मी विचारलं होतं, 'तुमच्या परिसरातील प्रमुख व्यवसाय कोणता?' पुस्तकाप्रमाणे उत्तर शेती. एकाने लिहिलं, 'जागा दाखवणे.' मी लाल पेन उचललं आणि खिडकीबाहेर पाहिलं. पूर्वी जिथे भाताची खाचरं होती तिथे एक गॉगलवाला माणूस दोन कुटुंबांना हात लांब करकरून काहीतरी दाखवत होता. मी पूर्ण गुण दिले.

दुसरा एक नमुना म्हणजे ईशान. त्याचे वडील लातूरकडचे, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला, राहायला गावाशेजारच्या टॉवरमध्ये. 'मी झेडपीच्या शाळेत शिकलो, माझा मुलगाही तिथेच शिकेल,' असं म्हणून त्यांनी पोराला आमच्याकडे घातलं होतं. त्या टॉवरमधून आमच्याकडे आलेला तो एकटाच. किल्ल्यांचा पाठ चालू असताना त्याने हात वर केला. "बाई, गडावर घोड्यांचं पार्किंग कुठं असायचं?" वर्ग हसला. मी नाही हसले. पागा म्हणजे दुसरं काय असतं?

हे झाले इतिहास आणि भूगोल. तिसरं नागरिकशास्त्र. ते इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी, ताटातल्या चटणीसारखं कडेला वाढलेलं असतं. बरेच शिक्षक ते परीक्षेच्या आधी घाईघाईने संपवतात. मला चटणी आवडते.

त्या वर्षी सहावीत शारदा होती. धनगरवाड्यावरची पोर. तिचा बाप पावसाळा लागला की मेंढरं घेऊन कमी पावसाच्या मुलखात उतरायचा. आई हिराबाई इथेच राहून शेरडं सांभाळायची आणि टॉवरच्या बागेत खुरपणीला जायची. शारदा हुशार होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, पण तिला एक सवय होती. मी काहीही सांगितलं की ती विचारायची, "मंग?" राजा लढाई जिंकला. मंग? नदी समुद्राला मिळाली. मंग? या एका शब्दाने तिने माझे कितीतरी पाठ नियोजित जागी संपू दिले नाहीत.

पावसाळ्यात ग्रामसभेचा धडा आला. मी फळ्यावर लिहिलं, गणपूर्ती. गावात याला कोरम म्हणतात. ठरलेली माणसं जमली नाहीत तर सभा भरत नाही, हे समजावून सांगितलं.

"मंग?" शारदा.

"मग सभा तहकूब होते. नंतर पुन्हा घेतात."

"मंग तवा बी मान्सं न्हाई आली तर?"

"तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. जेवढे असतील तेवढ्यांत होते."

मुलं विचार करतात तेव्हा एक वेगळीच शांतता असते, मारामारीच्या आधी असते तशी.

"म्हंजी," शारदा सावकाश म्हणाली, "पयल्या सभेला कुनी यायचंच न्हाई. मंग दुसरीला चार मान्सांनी बसून ठरवून टाकायचं. असंच ना?"

"असं पुस्तकात लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"पर आसंच करत्यात," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. मी कोण ते पाहिलं नाही.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमच्या शाळेचं मैदान कागदोपत्री शाळेचं नव्हतं. गावच्या गायरानाचा तो तुकडा होता. पलीकडे दोन नवे टॉवर होत होते आणि त्यांना हिंजवडीच्या बाजूला निघायला जवळचा रस्ता हवा होता. जवळचा म्हणजे आमच्या मैदानाच्या मधोमध. बदल्यात बांधकामवाले शाळेला कॉम्प्युटरसह हॉल बांधून देणार होते. हे सगळं पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मंजूर व्हायचं होतं, आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला आमच्या गावात सरपंच, ग्रामसेवक, चार सदस्य आणि पावसाला कंटाळून आत आलेली दोन कुत्री यांच्याशिवाय कोणी नसायचं.

सरपंच सुनील हा माझाच विद्यार्थी. पूर्वी याच गावच्या शाळेत मी काही वर्षं होते तेव्हा तो सहावीत होता. 'सरपंचाची कामे लिहा' या प्रश्नाला त्याने एका ओळीत उत्तर लिहिलं होतं: 'सही करणे.' तो वाईट माणूस नव्हता. त्याला गावात काहीतरी चकचकीत उभं करायचं होतं, आणि तसा हॉल दुसरं कोणी देणार नव्हतं.

मला हे सगळं ठाऊक होतं. पण सरकारी नोकराने गावच्या राजकारणात तोंड घालायचं नसतं. घेतलेला धडा अर्ध्यावर सोडायचा नसतो, हेही तितकंच खरं. मी धडा पूर्ण केला.

आठवड्याभरात सहावीचं शिष्टमंडळ माझ्याकडे आलं. पुढे शारदा, बाजूला ईशान.

"बाई, पंधरा ऑगस्टला आमी नाटक बसवनार."

"कुठलं?"

"ग्रामसभा."

"बसवा. पात्रं किती?"

"सगळी," ईशान म्हणाला.

"सगळी म्हणजे सगळा वर्ग?"

"सगळी शाळा. पहिलीपासून. प्रत्येकाला काम पाहिजे, नाहीतर अन्याय होतो. समानतेचा धडा झालाय आपला."

"आनि जिलेबी नाटक झाल्यावर वाटायची," शारदा म्हणाली. "आदी वाटली की मान्सं घरला जात्यात."

मी हेडसरांकडे गेले. हेडसर भला माणूस. फक्त बदलीला भ्यायचे. "बाई, नाटक लांबलं तर? त्याच जागी लगेच ग्रामसभा आहे."

"म्हणून तर सोयीचं आहे, सर. टेबल-खुर्च्या मांडलेल्याच असतील. नेपथ्याचा खर्च वाचेल."

हेडसरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मुलांना काय शिकवताय?"

"पुस्तकात आहे तेच."

या उत्तरासारखं चिलखत नाही. नव्या शिक्षकांना मी हे आवर्जून सांगते.

पहिलीतल्या मुलांना शेरडं केलं. दुसरीला भाताचं पीक केलं. त्यांनी फक्त डुलायचं होतं. एक मुलगा काही केल्या बोलायला तयार होईना, त्याला हातपंप केलं. दुसरा त्याचा हात वरखाली करायचा आणि तो तोंडाने कुईं कुईं आवाज काढायचा. तालमी माझ्याच तासाला चालायच्या, कारण माझा तास उचलायची सगळ्यांना सवय होती.

पंधरा ऑगस्टला पाऊस लागून राहिलेला होता, बारीक आणि चिवट. झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. आपलं पोर शेरडू झालंय म्हटल्यावर कुठली आई घरी थांबेल? ज्या बायका ग्रामपंचायतीच्या पायरीवर कधी चढल्या नव्हत्या त्या डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हिराबाई होती. ईशानचे वडील मोबाइल उभा धरून शूटिंग करत होते. सुनील पुढच्या खुर्चीत बसून मनापासून हसत होता. नाटकातली सरपंच झालेली शारदा त्याच्यासारखीच बोलता बोलता मिशीवरून बोट फिरवायची, आणि तिला मिशी नव्हती.

नाटक संपलं. टाळ्या झाल्या. लोक उठायच्या बेतात असताना शारदा पुढे आली.

"नाटकाचा दुसरा अंक आता मोठी माणसं करनार हायेत. कुनी जाग्यावरनं उठू नये. जिलेबी त्यानंतर मिळंल."

लोक हसले आणि बसले. जिलेबीचा वास शेडभर पसरलेला होता.

ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी सवयीप्रमाणे 'सभा तहकूब' असं म्हणायला तोंड उघडलं, समोर पाहिलं आणि मिटलं. मग डोकी मोजू लागले.

"किती?" सुनीलने हळूच विचारलं.

"कोरम झालाय."

"कसा काय?"

"आता झालाय खरा," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या नोकरीत बहुधा हे पहिल्यांदाच घडत होतं.

सुनील उठला. मान्य करायलाच हवं, तो छान बोलला. रस्ता झाला तर अॅम्ब्युलन्स दारात येईल, कॉम्प्युटर येतील, पोरं शहरातल्या पोरांच्या बरोबरीला येतील. बायका माना डोलवत होत्या. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, संपलं. मैदान गेलं.

तेवढ्यात हिराबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "सरपंच, एक इचारू का? त्यो रोड कुटनं जानार, ते जरा चालून दावा की. आमाला नकाशा कळत न्हाई."

"आत्ता? पावसात?"

"पावसात रोड बंद आसतोय व्हय?"

सुनील निघाला. त्याच्यामागे भाऊसाहेब, त्यांच्यामागे सदस्य, मग अख्खी सभा, आणि सगळ्यात मागे पहिलीतली शेरडं, कागदाचे कान भिजून गळ्यात लोंबत असलेली. सुनील चिखल तुडवत खो-खोच्या खांबापाशी आला. "हितनं." पुढे पाण्याच्या टाकीपाशी आला. "हितनं." मग तो मुलींच्या बाथरूमच्या दारासमोर आला आणि उभा राहिला.

"थांबला कशापायी?" हिराबाई म्हणाली. "चला की. रोड काय थांबत नसतोय."

सगळी सभा हसली. सुनीलही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मुलींचं ते बाथरूम किती वर्षं मागून मिळालं होतं हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

परत शेडमध्ये आल्यावर ईशानचे वडील उठले. ते रस्त्याच्या बाजूने बोलले, आणि अगदी खरं बोलले. "मला रोज ऑफिसला पोचायला जीव नकोसा होतो. समोर कंपनीची बिल्डिंग दिसते, पण गाडी हलत नाही. हा रोड मला पर्सनली पाहिजे. माझा मुलगा याच ग्राउंडवर खेळतो हे माहीत असून सांगतो, माझं मत रोडला."

"तुमचं नाव हितल्या मतदार यादीत हाय का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नाव अजून लातूरलाच आहे," ते म्हणाले.

"बाबा, मी सांगितलं होतं तुम्हाला," ईशान मोठ्याने म्हणाला. तो अजून ग्रामसेवकाच्या टोपीत होता.

ते खाली बसले, पण लगेच पुन्हा उठले. "मत नसेल तर नसू दे, प्रश्न विचारू शकतो ना? शाळेच्या मागून, ओढ्याच्या कडेने रस्ता का नको?"

"टावरवाल्यांना लांब पडंल," सुनील म्हणाला.

"टावर एका जागी हुबा हाय," हिराबाई म्हणाली. "त्येला कुटं चालायचंय?"

हात वर झाले. रस्ता मैदानातून नको, ओढ्याच्या कडेने हवा, असा ठराव झाला. मग जिलेबी वाटली. हातपंप झालेल्या मुलाने दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी सुनीलची गाडी शाळेच्या दारात थांबली आणि हेडसर स्टाफरूमच्या आतल्या खोलीत कसलीशी फाइल शोधायला गेले. मलाही धाकधूक होती. सरपंचाने मनात आणलं तर माझी रवानगी तालुक्याच्या त्या टोकाला होऊ शकली असती, जिथे एसटी येते पण आल्याचा पश्चात्ताप करते.

सुनील समोर बसला. चहा पिऊन त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, एकच इचारायला आलोय. फुडचा धडा कंचा हाय?"

"महानगरपालिका."

त्याचा चेहरा पडला. जवळचं महाळुंगे गाव महापालिकेत गेलं तेव्हा तिथली ग्रामपंचायत संपली आणि सरपंचपदही संपलं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"त्यो जरा दमानं घ्या," तो म्हणाला. "पोरांना काय घाई न्हाई."

इथे थांबले असते तर ही गोष्ट मला फार शोभून दिसली असती. पण पुढचंही घडलं.

बांधकामवाल्यांनी लांबच्या रस्त्यात रस घेतला नाही. हॉल आला नाही, कॉम्प्युटर आले नाहीत. ओढ्याकडेची वाट ठरावात रस्ता होती आणि प्रत्यक्षात चिखल. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला पलीकडच्या गावी जायचं, आणि जायची वाट तीच. पावसाळ्यात ओढा फुगला की मुली घरी बसायच्या. दोघींची शाळा त्यातच सुटली. त्यांची नावं मला पाठ आहेत. हायस्कूलच्या हजेरीपटातून कधी कमी झाली तेही आठवतं. मैदान वाचलं याचा मला अभिमान होता, अजून आहे, पण मैदानातून पक्का रस्ता झाला असता तर तो त्यांनाही उपयोगी पडला असता, आणि त्याचं ओझं त्या मुलींच्या पायांवर पडलं.

शारदा आठवीत असताना एका दुपारी वर्गाच्या दारात उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात.

"बाई, नागरिकशास्त्रात आपन रोड अडवला. आता त्यो आनायचा कंच्या धड्यात हाय?"

मी पुस्तक उघडलंही नाही. "तो धडा पुस्तकात नाही."

"मंग?"

या वेळी मला त्या शब्दाचा राग आला. "सुनीलला विचार," मी म्हणाले.

ती खरंच गेली. पुढचं मला सुनीलनेच सांगितलं. तो तिला म्हणाला, "नव्यानं ठराव करून वर पाठवाया लागंल. त्याला कोरम पायजे. तू आता हायस्कुलात. नाटक कोन करनार?"

"ह्या खेपेला तुमी करा," ती म्हणाली.

त्याने केलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी सहावीच्या नव्या मुलांनी नाटक केलं आणि सरपंचाने त्यात खड्ड्याचं काम केलं. काळं घोंगडं अंगावर घेऊन तो जमिनीवर आडवा पडला होता. एकेक मुलगा सायकलवरून येण्याचा अभिनय करत यायचा, त्याच्यावर धडपडायचा आणि म्हणायचा, 'सरपंचांना सांगितलं पायजे.' आणि घोंगड्याखालून आवाज यायचा, 'सांगून झालंय.' त्या सभेला उभं राहायला जागा नव्हती. सरपंचाला तुडवून घेताना बघायला शेजारच्या गावांतूनही लोक आले होते, त्यांना भाऊसाहेबांनी मोजलं नाही. ईशानचे वडील मात्र मोजले गेले. त्यांचं नाव तोवर गावच्या यादीत आलं होतं. पोराने घरात जेवण गोड लागू दिलं नव्हतं म्हणे. ठराव झाला. त्यानंतर सुनील किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला हे तोच जाणे.

रस्ता पूर्ण झाला तोवर मी निवृत्त झाले होते. मी आता पौडला राहते; उद्घाटनाला सुनीलने तिथे गाडी पाठवून मला बोलावलं. शाळा सोडून, ओढ्याला धरून, टॉवरच्या मागून तो रस्ता चांगलाच वाकडा होऊन जातो. गाडीवाले तिथे वेग कमी करताना काय बोलतात, ते मी ऐकलं आहे.

फीत बांधलेली होती. सुनील माइकपुढे उभा राहिला.

"ह्या बाईंनी मला सहावीला शिकवलं," तो म्हणाला. "त्यांनी लई प्रयत्न केला, पर मला वळण काय त्यांना लावता आलं न्हाई. मंग त्यांनी ते रस्त्याला लावलं."

लोक हसायला लागले. मीही हसले. डोळे पुसायला मला पदर शोधावा लागला, तो वाऱ्याने उडत होता. मग कात्री सापडेना. कोणी म्हणालं गाडीत राहिली, कोणी म्हणालं आणलीच नाही. सगळे कात्री शोधत असताना मागून सायकलींच्या घंटा वाजल्या. हायस्कूलची वेळ झाली होती. शारदा आणि तिच्यामागे गावातल्या आणखी काही मुली, दप्तरं पाठीवर, कोणाकडे न बघता आल्या. शारदाने उतरून फीत एका हाताने वर धरली, सगळ्यांच्या सायकली खालून जाऊ दिल्या, शेवटी स्वतःची काढली, आणि फीत होती तशी सोडून निघून गेली.

"कात्री मिळाली," भाऊसाहेब म्हणाले.

"राहू द्या आता," सुनील म्हणाला.